भिंतींच्या आतली भाषा : 'आँत्र ले म्यूर'चा पुनर्विचार

पॅरिसच्या विसाव्या विभागातील एका सार्वजनिक शाळेतील एका वर्गाचे एक शैक्षणिक वर्ष, एवढाच ज्याचा विषय आहे असा 'आँत्र ले म्यूर' हा चित्रपट फ्रेंच दिग्दर्शक लोराँ काँते (१९६१–२०२४) ह्यांनी २००८ साली सिद्ध केला. त्याच वर्षी कान येथील महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. फ्रेंच चित्रपटाला हा मान १९८७ नंतर प्रथमच लाभत होता. ज्या पुस्तकावर तो आधारलेला आहे ते फ्राँस्वा बेगोदो ह्यांचे त्याच नावाचे पुस्तक २००६ साली प्रसिद्ध झाले. बेगोदो हे स्वतः अशा शाळेत फ्रेंच शिकवीत असत, आणि पडद्यावरील फ्राँस्वा मारँ ह्या शिक्षकाची भूमिकाही त्यांनीच केली आहे. नावाचा शब्दशः अर्थ 'भिंतींच्या दरम्यान'. आरंभी शिक्षक शाळेजवळ कॉफी घेताना दिसतो, एवढा भाग सोडला तर कॅमेरा शाळेच्या आवाराबाहेर पाऊल टाकीत नाही.

ह्या चित्रपटाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. कोणी त्यात भिन्नवंशीय समाजाच्या संघर्षाचे चित्र पाहतो. कोणी एका सहृदय शिक्षकाच्या पराभवाची कथा पाहतो. ही दोन्ही वाचने चुकीची आहेत असे नाही, पण दोन्ही अपुरी आहेत. कारण ह्या चित्रपटात जे जे घडते ते एखाद्या शब्दावरून, सर्वनामावरून अथवा क्रियापदाच्या रूपावरून घडते, ह्या उघड गोष्टीची ती पुरेशी दखल घेत नाहीत. प्रस्तुत लेखकाला असे वाटते की येथील भिंती विटांच्या नाहीत. एका खोलीत उच्चारलेला शब्द दुसऱ्या खोलीत गेला की त्याचे वजन बदलते. हे वजन कसे तोलावयाचे ते मुलांना कोणी शिकवीत नाही. आणि ते न तोलता आल्याबद्दल शिक्षा मात्र होते. चित्रपटाचा खरा विषय हा आहे. तो दिग्दर्शकाने संपूर्णपणे ओळखला आहे की नाही, हा पुढचा प्रश्न.

प्रथम शाळेविषयी थोडे. फ्रान्समधील 'कॉलेज' म्हणजे आपले महाविद्यालय नव्हे. प्राथमिक शाळा संपल्यावर अकरा ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांची जी चार वर्षांची शाळा असते, तिला हे नाव आहे. १९७५ च्या कायद्याने ही शाळा सर्वांसाठी एकच करण्यात आली. त्यापूर्वी पुढे शिकणारी आणि लौकर कामाला लागणारी मुले ह्याच वयात वेगळी काढली जात. एकच शाळा, एकच अभ्यासक्रम, एकच भाषा, असा हा संकल्प होता. मूल कोणत्या शाळेत जावयाचे ते सामान्यतः त्याच्या राहत्या पत्त्यावरून ठरते. त्यामुळे संकल्प समानतेचा असला तरी प्रत्येक शाळा आपल्या वस्तीसारखीच होते. १९८१ पासून सरकारने काही वस्त्यांना शिक्षणदृष्ट्या अग्रक्रमाचे क्षेत्र म्हणून जादा साहाय्य देण्याचे धोरण स्वीकारले. म्हणजे एकच शाळा सर्वत्र एक राहिलेली नाही, हे सरकारनेच मान्य केले.

विसावा विभाग म्हणजे बेलव्हिल आणि मेनिल्मोंताँ ह्या टेकडीवरच्या जुन्या कामकरी वस्त्या. १८६० साली त्या पॅरिस शहरात सामील झाल्या. १८७१ च्या कम्यूनच्या अखेरच्या लढाया ह्याच गल्ल्यांतून झाल्या. दोन महायुद्धांच्या दरम्यान येथे पोलंडमधून आलेले ज्यू आणि आर्मेनियन कारागीर राहावयास आले. पुढे उत्तर आफ्रिकेतील, नंतर माली आणि सेनेगालमधील, आणि अलीकडच्या दशकांत चीनमधील वेन्जो ह्या परिसरातील कुटुंबे आली. सुलेमान, खुम्बा, एस्मेराल्दा, वेई ही वर्गातील नावे वाचली की वस्तीचा हा इतिहास हजेरीपटावर उतरलेला दिसतो.

आता मूळ प्रसंगाकडे वळू. शिक्षक फळ्यावर उदाहरणादाखल एक वाक्य लिहितो. त्या वाक्यात बिल नावाचा कोणी एक इसम काही खात असतो. मुली विचारतात, नेहमी असलीच नावे का? आमच्यासारखी नावे का नाहीत? शिक्षक थोडा विनोद करतो, थोडा वैतागतो आणि अखेर आयसाता हे नाव घालतो. परीक्षकांनी ह्या प्रसंगाची चर्चा पुष्कळ केली आहे. पण नाव बदलणे सोपे आहे. शाळा ते करू शकते आणि करतेही. ह्याहून कठीण प्रसंग थोड्याच वेळाने येतो, तो क्रियापदाच्या रूपावरून.

ज्याला आपल्या परिभाषेत विध्यर्थाचा अपूर्ण भूतकाळ म्हणता येईल असे एक रूप फ्रेंचमध्ये आहे. बोलण्यात ते आज जवळजवळ नाही. लेखनातही ते विशिष्ट शैलीपुरते उरले आहे. शिक्षक ते शिकवू लागतो. मुले म्हणतात, असे कोण बोलते? आमच्या घरी तर नाहीच, पण रस्त्यावरचा शहाणासुरता माणूसही असे बोलत नाही. शिक्षकाला कबूल करावे लागते की हे रूप वापरणारे लोक थोडे आणि काहीसे मिजासखोर असतात. परंतु आधी ते आत्मसात करा आणि मग निरुपयोगी म्हणा, असे तो सांगतो. येथे प्रेक्षक हसतो. भाषेच्या अभ्यासकाने मात्र क्षणभर थांबावयास हवे. कारण ह्या वादात मुलांच्या बाजूला खुद्द फ्रेंच शासन आहे! १९०१ च्या आदेशाने काही रचनांत ह्या रूपाऐवजी साधे वर्तमानरूप चालेल अशी सवलत परीक्षेत देण्यात आली, आणि १९७६ च्या आदेशाने ती अधिक विस्तृत केली. म्हणजे ज्या रूपाची सक्ती शासनाने स्वतःच सैल केली आहे, त्याच्या बचावासाठी हा शिक्षक जिवाचा आटापिटा करीत आहे, आणि त्या आदेशांची गोष्ट तो मुलांना सांगत नाही. ती त्याने सांगितली असती तर भाषेचे नियम माणसे करतात, ती ते बदलतात, आणि ते बदलण्यावरून भांडतात, हे त्या तासाला शिकविता आले असते. आपल्याकडे मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली अनुच्चारित अनुस्वार वगळले तेव्हा केवढा वाद झाला, आणि तो वाद आजही विद्यार्थ्यांना व्याकरणातील कोणत्याही धड्यापेक्षा अधिक रस घेऊन ऐकावासा वाटतो, हे आपण वर्गात अनुभवतोच.

पण ह्याच तासाला एक मुलगा जो प्रश्न विचारतो, तो माझ्या मते चित्रपटातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. एखादे रूप लेखी भाषेतले आहे की बोलण्यातले, हे ओळखावयाचे कसे? शिक्षक उत्तर देतो की ते आतून जाणवते. भाषा वापरता वापरता ती जाण येते. वर्ग पुढे सरकतो आणि चित्रपटही.

हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच ते अधिक निष्ठुर आहे. ज्याच्या घरी ती भाषा वापरली जाते त्याला ती जाण येते. ज्याच्या घरी ती वापरली जात नाही त्याला ती शाळेत यावयास हवी. आणि शाळा सांगते की ती आतून येते. पिएर बूर्दिय आणि झाँ-क्लोद पासरों ह्यांनी १९७० च्या आपल्या ग्रंथात नेमकी हीच तक्रार मांडली होती : शाळा जे देत नाही त्याचीच ती सर्वांकडून अपेक्षा करते. समाजशास्त्रज्ञाला तो सिद्धांत मांडण्यास एक ग्रंथ लागला; येथे तो अर्ध्या मिनिटात एका थकलेल्या शिक्षकाच्या तोंडून, तेही त्याच्या नकळत, बाहेर पडला आहे.

येथे एक कबुली देणे आवश्यक वाटते. आमच्या शास्त्रातही स्वभाषकाची जाण हा पुरावा मानला जातो. हे वाक्य ग्राह्य, ते अग्राह्य, असे आपण त्या जाणिवेच्या बळावर ठरवितो आणि पुढचा सारा डोलारा उभा करतो. कोणाची जाण, हा प्रश्न पहिल्या व्याख्यानात विचारून आपण तो सोडून देतो. काही वर्षांपूर्वी एम.ए.च्या एका विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत 'ह्या कवीची प्रतिमा भारी आहे' असे वाक्य आले. मी 'भारी' ह्या शब्दाखाली रेघ ओढून समासात 'अनुचित शब्दयोजना' असे लिहिले. विद्यार्थी भेटावयास आला. त्याची तक्रार गुणांविषयी नव्हती. तो एवढेच विचारीत होता की 'प्रभावी' चालतो आणि 'भारी' चालत नाही हे आधी कसे कळावे? मी म्हणालो, "वाचन वाढवा." तो बरे म्हणून गेला. पुढे हा चित्रपट पाहताना मला त्या उत्तराची आठवण झाली आणि ती सुखद नव्हती. 'भारी' ह्या शब्दाचा वजन हा मूळ अर्थ, त्यापासून श्रेष्ठतेकडे झालेला त्याचा प्रवास, आणि लेखी समीक्षेने त्याला का दूर ठेवले, हे सारे मला दहा मिनिटांत सांगता आले असते. तोच माझा विषय होता.

ह्यानंतर चित्रपटात जे घडते ते ह्याच न दिलेल्या उत्तराचे परिणाम आहेत असे म्हणावयास हरकत नाही. खुम्बा वर्गात ॲन फ्रँकच्या दैनंदिनीतील उतारा वाचण्यास नकार देते. तास संपल्यावर शिक्षक तिला थांबवून क्षमेचे एक ठराविक वाक्य म्हणावयास लावतो. ते तिने मनापासून म्हटले नाही म्हणून पुन्हा म्हणावयास लावतो. अखेर ती ते नीट म्हणते, दारापर्यंत जाते, आणि मी हे मनापासून म्हटले नाही असे सांगून निघून जाते. जॉन ऑस्टिन ह्यांनी उक्ती ही कृती कशी असते ह्याचे विवेचन केले. क्षमा मागणे ही कृती पार पडण्यास कोणत्या अटी लागतात तेही त्यांनी दाखविले. पंधरा वर्षांच्या आतल्या ह्या मुलीला त्या अटी उत्तम कळतात. तिने शब्द दिले आणि कृती परत घेतली. भाषेची जाण नाही असे जिच्याविषयी म्हटले जाते तिची ही जाण आहे! पुढे ती शिक्षकाला आदर ह्या विषयावर एक पत्र लिहिते, आणि ते पत्र तिच्या शाळेतील कोणत्याही निबंधापेक्षा अधिक रेखीव आहे.

मुख्य संघर्ष सुलेमानचा. वर्गाच्या प्रगतीचा आढावा घेणाऱ्या शिक्षकसभेला विद्यार्थ्यांच्या दोन प्रतिनिधी, एस्मेराल्दा आणि लुईझ, हजर असतात. तशी तेथील प्रथाच आहे. सभेत त्या कुजबुजतात आणि हसतात. सुलेमानविषयी बोलताना शिक्षक त्याची शैक्षणिक कुवत मर्यादित आहे अशा अर्थाचा शब्द वापरतो. त्या खोलीत हा शब्द जवळजवळ बचावाचा आहे : मुलाकडून अधिक अपेक्षा करू नका, त्याला सांभाळून घ्या, असा त्याचा रोख. दुसऱ्या दिवशी तोच शब्द मुलींच्या तोंडून वर्गात येतो आणि सुलेमानच्या कानावर पडतो. आता तो निव्वळ अपमान आहे. शब्द तोच, वक्ता तोच. बदलली फक्त खोली.

संतापलेला शिक्षक मुलींना म्हणतो की सभेत तुमचे वागणे 'पेतास'सारखे होते. ह्या शब्दाचे मराठीत भाषांतर करावयाचे झाल्यास पंचाईत होते, आणि ही पंचाईतच बोधप्रद आहे. फ्रेंचमध्ये त्याला उठवळ, थिल्लर बाई असा एक अर्थ आहे आणि वेश्या असा दुसरा. शिक्षकाच्या बोलीत पहिला, मुलींच्या बोलीत दुसरा. आपल्याकडील 'टवळी' ह्या शब्दाचे उदाहरण घेता येईल. आजीने नातीला म्हटले तर त्यात निम्मा लाड असतो. शिक्षकाने भर वर्गात चौदा वर्षांच्या मुलीला म्हटले तर तिचा बाप शाळेच्या दारात उभा राहील. शिक्षक स्वतःचा बचाव कसा करतो तेही पाहण्यासारखे आहे : मी तुम्हांला तसे म्हटले नाही, तुमचे वागणे तसे होते असे म्हटले. व्याकरणदृष्ट्या भेद बरोबर आहे. मैदानात त्याच्याभोवती कोंडाळे करून उभ्या राहिलेल्या मुलांना तो पटत नाही, आणि का पटावा? त्यांना ज्या सूक्ष्म भेदांची जाण नाही म्हणून दोष दिला जातो, त्यांचाच आडोसा आता शिक्षकाला हवा आहे.

सुलेमान ह्या प्रसंगी शिक्षकाला 'वू' न म्हणता 'त्यू' म्हणतो. मराठी वाचकाला ह्या दोन सर्वनामांची फोड करून सांगावयास नको. तू, तुम्ही आणि आपण ह्यांच्या चढत्या पायऱ्या तो रोज चढतो-उतरतो. आईला तू आणि वडिलांना तुम्ही म्हणणारी घरे महाराष्ट्रात थोडी नाहीत, आणि विठ्ठलाला तर सगळेच तू म्हणतात. ब्राउन आणि गिल्मन ह्यांनी १९६० साली दाखविल्याप्रमाणे अशा सर्वनामांत दोन सूत्रे गुंतलेली असतात : सत्तेचे आणि सख्याचे. ज्याला एकाच्या बदल्यात दुसरे मिळते तेथे सत्ता. जेथे देवघेव सारखी तेथे सख्य. मारँ विद्यार्थ्यांना 'त्यू' म्हणतो आणि त्यांच्याकडून 'वू' घेतो. फ्रेंच शाळेत ह्यात वावगे काही नाही. पण वर्षभर त्याने ह्या मुलांशी हमरीतुमरीचा, थट्टेचा, बरोबरीचा वाद घातला आहे. बोलण्याची ढब सख्याची आणि सर्वनाम सत्तेचे! रागाच्या भरात सुलेमानने ढबीचे ऐकले, सर्वनामाचे नाही. त्यानंतर तो उठून बाहेर जातो आणि जाताना त्याची पिशवी लागून खुम्बाच्या चेहऱ्याला जखम होते.

मग शिक्षक अहवाल लिहितो. अहवालात सुलेमानचे 'त्यू' येते, त्याचे वर्गाबाहेर जाणे येते, जखम येते. शिक्षकाचा 'पेतास' हा शब्द मात्र येत नाही. मुलींनी तक्रार केल्यावर तो विषय वर येतो. पहिल्या मसुद्यातील ही गाळलेली जागा मला चित्रपटाचा मर्मबिंदू वाटते. मारँ दुष्ट नाही. त्याने खोटे लिहिले असेही नाही. लेखी भाषेत काय जाते आणि काय जात नाही ह्याची जी जाण त्याला आतून आहे, तिने ते काम केले. ज्या जाणिवेचे त्याने मुलाला उत्तर दिले होते ती हीच. ती सुलेमानपाशी असती तर त्यानेही आपल्या वर्तनाचे एक नेटके टिपण सादर केले असते.

शिस्तसमितीपुढे सुलेमान आईसह उभा राहतो. आईला फ्रेंच येत नाही. ती मालीतील आपल्या भाषेत बोलते आणि तिचे बोलणे समितीला कळावे म्हणून दुभाषाचे काम आरोपी मुलानेच करावयाचे असते. ती म्हणते, हा चांगला मुलगा आहे, घरी मदत करतो. स्वतःची ही स्तुती स्वतःच्या तोंडाने, ओशाळून, अर्धवट, सुलेमान फ्रेंचमध्ये सांगतो. गुप्त मतदान होते आणि त्याला काढून टाकले जाते. १५३९ च्या राजाज्ञेने न्यायाच्या कागदपत्रांची भाषा फ्रेंच ठरविली. १७९४ साली ग्रेग्वार ह्यांनी प्रांतोप्रांतीच्या बोली नष्ट करण्याची निकड प्रतिपादन केली. १९९२ पासून फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचे वचन तेथील संविधानात आहे. ह्या दीर्घ इतिहासाचे टोक त्या छोट्या खोलीत दिसते. ज्या समाजासाठी शाळा आहे तो समाज शाळेच्या सर्वांत गंभीर प्रसंगी एका स्त्रीच्या रूपाने आत येतो, आणि त्याचे म्हणणे समजून घेण्याची व्यवस्था शाळेकडे नाही.

आपल्याकडे स्थिती निराळी आहे असे वाटण्याचा संभव आहे. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांतून शाळा चालविते. फ्रान्समध्ये अशी कल्पनाच कोणाला सुचणार नाही. ह्याचे श्रेय द्यावयास हवे. परंतु माध्यम मराठी म्हणजे मुलाच्या घरची मराठी नव्हे, आणि हिंदी माध्यम म्हणजे त्याच्या आईची भोजपुरी नव्हे. आठ भाषांच्या आठ भिंती उभारूनही प्रत्येक भिंतीच्या आत तोच प्रश्न उरतो.

चित्रपटाच्या उणिवांविषयी बोलणे प्राप्त आहे. कॅमेरा शाळेबाहेर न नेण्याचा निर्णय हे त्याचे बळ आहे. ह्या निर्णयामुळेच प्रत्येक शब्दाला वजन येते. मुलांच्या घरच्या दारिद्र्याची दृश्ये दाखवून कणव मागण्याचा सोपा मार्गही त्यामुळे बंद होतो. पण हाच निर्णय शिक्षकाचे काम हलके करतो. वस्तीचे ज्ञान नसणे ही त्याची उणीव न राहता चित्रपटाची शैली बनते. ॲन फ्रँकचेच पाहा. १९४२ ते १९४४ ह्या काळात फ्रान्समधून अकरा हजारांहून अधिक ज्यू मुले मृत्युछावण्यांकडे पाठविली गेली, आणि पॅरिसच्या अनेक शाळांच्या दारांवर त्यांच्या स्मरणाचे फलक आहेत. ह्या विभागात ते विशेष दिसतात. परदेशी आईबापांची, घरी दुसरी भाषा बोलणारी, ह्याच गल्ल्यांतील ती मुले. म्हणजे 'हे मी का वाचावे?' ह्या खुम्बाच्या अबोल प्रश्नाचे उत्तर शाळेच्या परिसरातच कोरलेले होते. शिक्षक ते उत्तर वापरीत नाही आणि दिग्दर्शकही त्याकडे निर्देश करीत नाही. भिंतीच्या आत राहण्याची प्रतिज्ञा येथे महाग पडली आहे.

वेईच्या कथेतही असेच होते. त्याची आई परवान्यावाचून राहिली म्हणून पकडली जाते. शिक्षक आपसांत वर्गणी काढण्याचे बोलतात. मग विषय मागे पडतो. चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, मार्च २००७ मध्ये, बेलव्हिलजवळ राम्पाल रस्त्यावरील शाळेसमोर एका चिनी आजोबांना पोलिसांनी नातवंडे नेण्यास आले असता अटक केली. तेव्हा पालक आणि शिक्षक रस्त्यावर उतरले; त्या प्रकरणी शाळेच्या मुख्याध्यापिकेलाही पुढे ताब्यात घेण्यात आले. वस्ती आणि शाळा ह्यांचे असे नाते तेथे प्रत्यक्षात होते. काँते ह्यांच्या शाळेत समाज एकतर तक्रार करतो किंवा गप्प बसतो. तो शाळेचा कैवार घेत नाही. हे वास्तवाचे अपुरे चित्रण आहे.

दुसरी गोष्ट चित्रपटाच्या घडणीची. वर्गातील मुले त्याच विभागातील एका शाळेचे खरे विद्यार्थी होते. वर्षभर त्यांच्यासमवेत शिबिरे भरविण्यात आली. प्रसंग दिला जाई आणि संवाद मुले तेथल्या तेथे रचीत. विल्यम लबॉव ह्यांचे १९६० नंतरच्या दशकातील हार्लेमचे निरीक्षण येथे आठवते. मुलाखतीत एकेका शब्दाने उत्तर देणारा मुलगा, शेजारी मित्र बसविला, बटाट्याच्या काचऱ्या आणल्या आणि संशोधक स्वतः जमिनीवर बसला की अखंड बोलू लागला. मुलापाशी भाषा नव्हती असे नाही, प्रसंग प्रतिकूल होता. काँते ह्यांनी नेमके हेच केले : प्रसंग अनुकूल केला. मग जी भाषा वर्गात चूक म्हणून तांबड्या शाईने खोडली जाते, तीच कान येथे सर्वोच्च मानाला पात्र ठरली आणि ती मुले दिग्दर्शकासह त्या मंचावर गेली. ह्या विसंगतीची जाणीव चित्रपटात कोठेही नाही. ती असणे शक्यही नव्हते, कारण ती चित्रपट पुरा झाल्यावर निर्माण झाली. तथापि चित्रपटाविषयी लिहिणाऱ्याने ती नजरेआड करू नये.

पुस्तकाशी तुलना करता चित्रपटाने एक गोष्ट कमावली आणि एक गमावली. पुस्तकात असे एकसंध कथानक नाही. तास, सभा, तक्रारी, पुन्हा तास, असा तो वर्षाचा कंटाळवाणा आणि म्हणून खरा क्रम आहे. चित्रपटाने सुलेमानची कथा मध्यभागी आणून प्रेक्षकाला धरून ठेवले. परंतु त्यामुळे एका मुलाचे काढून टाकले जाणे ही अपवादात्मक शोकांतिका वाटू लागते. अशा शाळेत ती अपवादात्मक नसते. सुलेमानच्या आधी कार्ल नावाचा मुलगा दुसऱ्या शाळेतून असाच काढून टाकल्यावर ह्या वर्गात आलेला आहे, हे तपशिलात नोंदवून चित्रपट पुढे जातो. सुलेमानही आता अशाच दुसऱ्या एखाद्या वर्गात जाऊन बसेल. किंवा, मुलांना धास्ती आहे त्याप्रमाणे, बाप त्याला मालीला धाडून देईल.

वर्षअखेरीच्या तासाला शिक्षक प्रत्येकाला विचारतो, ह्या वर्षी काय शिकलात? उत्तरे येतात. एस्मेराल्दा सांगते की तिने बहिणीचे पुस्तक घेऊन प्लेटोचे 'रिपब्लिक' वाचले. शिक्षक चकित होतो आणि ते चकित होणे मुलीच्या लक्षात येते. घंटा झाल्यावर आँरिएत ही वर्षभर न बोललेली मुलगी टेबलापाशी येते. ती म्हणते की मी काहीच शिकले नाही. शिक्षक तिला समजावतो, असे कसे होईल, सगळेच काही ना काही शिकतात. ती म्हणते की वर्गात आपण काय करतो तेच मला समजत नाही, आणि मला धंदेशिक्षणाच्या शाळेत जावयाचे नाही. त्यासाठी अजून वेळ आहे, पुढचे वर्ष आहे, असे तो म्हणतो. बाहेर मैदानात शिक्षक आणि विद्यार्थी फुटबॉल खेळत आहेत. त्यांचा आरडाओरडा खिडकीतून रिकाम्या वर्गात येतो, आणि आँरिएत त्यांच्यात आहे की नाही हे दिसत नाही.